फुटबॉलचा चेंडू हवेत कसा गेला

फुटबॉल म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जो खेळ उभा राहतो, त्याच्याशी माझ्या आजच्या विषयाचा संबंध नावापुरताच आहे. आपल्याकडील फुटबॉलमध्ये चेंडूला हात लागणे हा अपराध. अमेरिकेतील महाविद्यालयांत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. पायांचे मुख्य काम तो घेऊन पळण्याचे. चेंडूही गोल नव्हे, सोललेल्या नारळासारखा लांबट. इंग्लंडातील रग्बी हा या खेळाचा पूर्वज. पण समुद्र ओलांडून गेल्यावर मुलाने बापाचे वळण सोडावे तसे या खेळाचे झाले. या खेळातला १९०६ सालचा, सेंट लुइस विद्यापीठाच्या संघाचा एक हंगाम आज आपणास सांगावयाचा आहे. त्या हंगामात या संघाने अकरा सामने खेळले आणि अकराही जिंकले. स्वतः ४०७ गुण मिळविले आणि प्रतिपक्षांस सर्व मिळून अकराच मिळू दिले. परंतु विजयांची यादी वाचून दाखविण्याकरिता मी आपला वेळ घेत नाही. त्या वर्षी मुलांचे जीव वाचविण्याकरिता एक नवा नियम करण्यात आला होता. तो सर्वांनी वाचला, बहुतेकांनी कपाटात ठेवला, आणि या एका संघाने तो मैदानावर नेला. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

प्रथम खेळ थोडक्यात समजून घेऊ. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी. त्या काळी मैदान ११० यार्ड लांब आणि १६० फूट रुंद असे. प्रतिपक्षाच्या टोकाची रेषा ओलांडून चेंडू पलीकडे टेकविला की टचडाउन झाला. त्याचे तेव्हा पाच गुण मिळत. चेंडू ज्यांच्या ताब्यात, त्यांस पुढे सरकण्याकरिता तीन खेपा मिळत. चेंडूवाल्यास प्रतिपक्षाने जमिनीवर लोळविले की एक खेप संपली. मग दोन्ही पक्ष पुन्हा समोरासमोर रांग धरून उभे राहावयाचे आणि दुसरी खेप सुरू व्हावयाची. तीन खेपांत मिळून पाच यार्ड पुढे गेले तर चेंडू आपल्याकडेच राहावयाचा व नव्या तीन खेपा मिळावयाच्या. न गेले तर बहुधा प्रतिपक्षाच्या हाती जावयाचा. आपल्या हुतूतूत दम घेऊन गेलेल्या गड्यावर सारे तुटून पडतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की येथे त्या गड्याचे दहा साथीदारही त्याच्याबरोबर आत घुसत, त्याला मागून ढकलीत, पुढून ओढीत, आणि वाटेतल्यांस आडवे करीत.

आता थोडे गणित करू. पाच यार्ड म्हणजे पंधरा फूट. त्यास तीन खेपा. म्हणजे दर खेपेस पाच फूट. एक धिप्पाड माणूस पुढे नुसता आडवा पडला तरी जवळजवळ पाच फूट पुढे जातो. तेव्हा या नियमाखाली चपळाई, युक्ती, नजर यांची गरज ती काय उरली? जाडजूड गडी जमवावे, एकमेकांस घट्ट धरून त्यांची भिंत करावी, भिंतीच्या पोटात चेंडूवाल्यास घालावे आणि ती समोरच्या एका गड्यावर लोटावी, हेच शहाणपण ठरले. हार्वर्डच्या संघाने १८९२ साली येलविरुद्ध पाचरीच्या आकाराची अशी एक रचना धावत आणली. तिला ‘उडती पाचर’ असे नाव पडले. दोनच वर्षांनी तिच्यावर बंदी आली, परंतु तिची भावंडे पुढे बारा वर्षे सुखाने नांदली. खेळाडूंच्या दांडगाईस पुष्कळांनी नावे ठेविली आहेत. माझ्या मते तो दोष मुलांहून त्या पाच यार्डांच्या नियमाचा अधिक होता. परीक्षेत पाठांतरासच गुण असतील तर मुले पाठांतरच करणार.

परिणाम व्हावयाचा तो झाला. डोक्यास चामड्याची टोपी घालणे सक्तीचे नव्हते. कित्येक ती घालण्यात कमीपणा मानीत. ढिगाऱ्याखाली काय चालले आहे हे पंचांस दिसत नसे. १९०५ च्या हंगामात शिकागोच्या ‘ट्रिब्यून’ पत्राने या खेळात मेलेल्यांची मोजदाद प्रसिद्ध केली, ती अठरांची होती. त्यांत बरीचशी शाळकरी मुले होती. गंभीर जखमा झालेल्यांचा आकडा दीडशेच्या वर होता. अठरा हा आकडा रणभूमीच्या मानाने लहान वाटेल, परंतु आईबापांनी शिकावयास पाठविलेली ही मुले होती.

त्या वेळी अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे होते. मर्दानी खेळांचे ते मोठे चाहते, आणि त्यांचा वडील मुलगा त्याच वर्षी हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघातून खेळत होता. ९ ऑक्टोबर १९०५ रोजी त्यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तीन प्रमुख विद्यापीठांच्या क्रीडाधुरीणांस आपल्या निवासस्थानी बोलावून खेळ सभ्यपणे खेळविण्याची ताकीद दिली. पाहुण्यांनी वचन दिले. पण वचनाने रांगेतली झुंबड थोडीच थांबते! पुढील महिन्यात अध्यक्षांच्या चिरंजीवांचेच नाक सामन्यात मोडले. २५ नोव्हेंबर रोजी न्यूयॉर्क विद्यापीठाशी खेळताना युनियन कॉलेजचा हॅरल्ड मूर हा विद्यार्थी डोक्यास मार लागून मरण पावला. त्या विद्यापीठाचे कुलगुरू मॅक्क्रॅकन यांनी मग स्वस्थ बसावयाचे नाही असे ठरविले आणि निरनिराळ्या महाविद्यालयांची परिषद बोलाविली. डिसेंबरअखेर न्यूयॉर्कमध्ये साठांहून अधिक संस्थांचे प्रतिनिधी जमले. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन आज जी एन. सी. ए. ए. नावाची बलाढ्य संस्था करते तिचा जन्म या परिषदेत झाला. हे नाव मात्र तिने १९१० साली घेतले. कोलंबिया विद्यापीठाने खेळच बंद केला. पॅसिफिक किनाऱ्यावरील स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया यांनी तो सोडून रग्बी धरली. खेळ राहतो की जातो, असा तो प्रसंग होता.

१९०६ च्या आरंभी नवे नियम झाले. पाच यार्डांऐवजी तीन खेपांत दहा यार्ड जाण्याची अट आली. म्हणजे नुसते आडवे पडून भागणार नव्हते. दोन्ही रांगांमध्ये चेंडूच्या लांबीइतकी मोकळी जागा ठेवण्याचे ठरले. सामन्याचा वेळ सत्तर मिनिटांवरून साठ मिनिटांवर आला. आणि याखेरीज, पुष्कळ वादानंतर, चेंडू हाताने पुढे फेकण्याची मुभा मिळाली. इंग्रजीत यास ‘फॉरवर्ड पास’ म्हणतात. आपण ‘पुढची फेक’ म्हणू. रग्बीत चेंडू मागे किंवा बाजूला फेकता येतो, पुढे फेकता येत नाही. अमेरिकेतही तोवर तसेच होते. पुढच्या फेकीचा पुरस्कार करणाऱ्यांत जॉन हाइझमन हे क्रीडाशिक्षक अग्रगण्य होते. त्यांची विचारसरणी साधी होती: चेंडू केव्हा कोठे उडेल याचा भरवसा नसला की बचाव करणाऱ्यांस सर्व मैदानभर पांगून उभे राहावे लागेल; माणसे पांगली की ढीग होणार नाही; आणि ढीग झाला नाही की त्याखाली कोणी चेंगरणार नाही.

परंतु ज्यांनी ही मुभा दिली त्यांनी ती हात आखडूनच दिली. नियममंडळातील सर्वांत वजनदार गृहस्थ वॉल्टर कँप. अमेरिकन फुटबॉलचे जनक म्हणून त्यांचा लौकिक, आणि पुढच्या फेकीवर त्यांचे मन नव्हते. तेव्हा अटींचे कुंपण पडले. रांगेच्या मध्यापासून निदान पाच यार्ड डावीकडे किंवा उजवीकडे सरकूनच चेंडू रांगेपलीकडे गेला पाहिजे. तो झेलण्याचा अधिकार रांगेच्या दोन टोकांच्या व मागच्या गड्यांसच. फेकलेला चेंडू कोणाचाही हात न लागता जमिनीवर पडला तर तो सरळ प्रतिपक्षाचा. हवेतून टोकाच्या रेषेपलीकडे गेला तरीही प्रतिपक्षाचा. श्रोतेहो, या अटींकडे जरा फेकणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. झुंबड करून पुढे घुसण्यात फसलो तर एक खेप गेली, चेंडू आपलाच; फेक फसली तर चेंडूच गेला. अशा स्थितीत शहाणा क्रीडाशिक्षक काय करील? नवा नियम वाचील, मान डोलवील, आणि जुनाच खेळ खेळवील. पूर्वेकडील मोठमोठ्या विद्यापीठांत प्रायः असेच घडले. दशकभर जिंकत आलेल्यांस नवा धोका पत्करण्याची हौस नसते.

सेंट लुइसला ती अडचण नव्हती. मिसिसिपी नदीकाठचे हे शहर १९०४ सालच्या जागतिक प्रदर्शनामुळे व त्याच साली तेथे झालेल्या ऑलिंपिक सामन्यांमुळे जगास ठाऊक झाले होते. पण फुटबॉलच्या दरबारात तेथील विद्यापीठास मानाचे पान नव्हते. १८१८ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ जेझुइट पाद्र्यांचे. आपल्या मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज ज्या संघाने काढले, त्याच संघाचे. १९०६ साली येथे एडी कोकेम्स नावाचा एकोणतीस वर्षांचा क्रीडाशिक्षक नेमला गेला. तो विस्कॉन्सिन राज्यातला. तेथील विद्यापीठातून स्वतः खेळलेला. त्याच विद्यापीठातून आलेला ब्रॅडबरी रॉबिन्सन हा विद्यार्थी सेंट लुइस येथे वैद्यकाचा अभ्यास करीत होता. गुरुशिष्यांच्या या जोडीने पुढील सर्व घडवून आणले.

कोकेम्सने केले ते एवढेच, की नियम गंभीरपणे घेतला. जुलै महिन्यातच तो आपल्या गड्यांस घेऊन विस्कॉन्सिनमधील ब्यूला तलावाच्या काठी, जेझुइटांच्या एका विश्रामस्थानी जाऊन राहिला. उद्देश एकच होता, पुढची फेक शिकणे. हंगाम सुरू झाला म्हणजे सराव करू, असे त्याने म्हटले नाही. सुटीत गृहपाठ करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, पण सुटीत गृहपाठ घालणाऱ्या शिक्षकाबरोबर आनंदाने जाणारे फार थोडे पाहिले!

तेथे पहिला प्रश्न चेंडूचाच निघाला. त्या वेळचा चेंडू आजच्यापेक्षा बराच थोराड होता. पोटाशी त्याचा घेर इतका की एका हाताच्या पंजात तो नीट मावत नसे. तो फेकावयाचा कसा? बहुतेक लोक तो तळहातावर ठेवून भिरकावीत, किंवा दोन्ही हातांनी उचलून टाकीत. असा चेंडू हवेत कोलांट्या खात जातो, वाऱ्यास सर्व अंगाने अडतो आणि थोड्याच अंतरावर मऊपणे खाली येतो. कोकेम्सने गड्यांस चेंडूचे बारकाईने निरीक्षण करावयास लावले. चेंडूच्या चामड्याची शिवण ज्या दोरीने आवळलेली असते ती दोरी किंचित वर आलेली असते. पोटाकडचा भाग सोडून टोकाकडे, जेथे घेर कमी होतो तेथे, दोरीच्या वेढ्यांमध्ये बोटे अडकवावीत आणि फेकताना मनगटास पीळ द्यावा, म्हणजे चेंडू आपल्या लांब आसाभोवती गरगर फिरत जाईल, असे त्याने सांगितले.

या गरगरण्यात सर्व मर्म आहे. म्हणून येथे घटकाभर थांबतो. भोवरा फिरत नसताना आरेवर उभा करून पाहा, तो तत्काळ कलंडतो. फिरत असला तर त्याच आरेवर ताठ उभा राहतो, टिचकी मारली तरी पडत नाही. फिरणाऱ्या वस्तूस आपल्या आसाची दिशा सोडवत नाही, हा पदार्थविज्ञानातील नियम आहे. बंदुकीच्या नळीत आतून पीळदार खाचा पाडलेल्या असतात त्या याच कारणाने. गोळी फिरत बाहेर पडते आणि कोलांटी न खाता नाक पुढे ठेवून जाते. लांबट चेंडूसही हेच लागू. तो आसाभोवती फिरत गेला की त्याचे निमुळते टोक वाऱ्यास छेदीत जाते, अडथळा कमी होतो आणि दूरवर, नेमक्या जागी, वेगाने पोहोचतो. रॉबिन्सनचा पंजा मोठा आणि दंड बळकट. थोड्याच वेळात तो असा चेंडू चाळीस यार्डांवर फेकू लागला, असे कोकेम्सने पुढे सांगून ठेविले आहे. चाळीस यार्ड म्हणजे १२० फूट. जेथे दर खेपेस पाच फूट सरकण्याकरिता हाडे मोडीत होती, तेथे हा आकडा!

५ सप्टेंबर १९०६ रोजी हंगामाचा पहिला सामना विस्कॉन्सिनमधीलच वॉकेशा गावी कॅरोल कॉलेजशी झाला. सुरुवातीस सेंट लुइसचा खेळ काही चालेना. मग रॉबिन्सनने फेक केली. ती कोणाच्याही हाती न लागता जमिनीवर पडली आणि नियमाप्रमाणे चेंडू कॅरोलकडे गेला. नियमानुसार झालेली पहिली पुढची फेक ती हीच, असे आता मानले जाते. म्हणजे या विद्येचा श्रीगणेशा चुकलेल्या फेकीने झाला. पुष्कळ ठिकाणी प्रयोग तेथेच संपला असता. पण तलावाकाठी दोन महिने घालविलेल्यांस एका चुकीने घाबरण्याचे कारण नव्हते. पुन्हा चेंडू हाती येताच रॉबिन्सनने जॅक श्नायडरकडे वीस यार्डांची फेक केली आणि श्नायडरने ती झेलून टचडाउन केला. सामना २२–० असा सुटला.

पुढचे सामने एकामागून एक मोठ्या फरकाने जिंकले गेले. त्यांतले काही प्रतिपक्ष दुबळे होते हे सांगितले पाहिजे. दुबळ्यांवरचे विजय मी हिशेबात धरीत नाही. परंतु ३ नोव्हेंबरला कॅन्सस राज्याच्या विद्यापीठाचा संघ सेंट लुइस येथे आला, तो दुबळा नव्हता. त्याचा ३४–२ असा पराभव झाला. या सामन्यात रॉबिन्सनने एक फार लांब फेक केली. तिचे माप ४८ यार्डांपासून ८७ यार्डांपर्यंत निरनिराळ्या लेखकांनी निरनिराळे दिले आहे, आणि वर्षे लोटली तसा चेंडू अधिकाधिक दूर गेलेला दिसतो. आपल्याकडे किल्ल्यांच्या तटांची उंची अशीच वाढत असते. मला सर्वांत कमी आकडाच पुरेसा वाटतो. ४८ यार्ड हे त्या थोराड चेंडूच्या मानाने थोडे नव्हे.

हंगामाचा शेवटचा महत्त्वाचा सामना नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणादिवशी, आयोवा विद्यापीठाशी झाला. हे मध्यपश्चिमेतील नावाजलेले विद्यापीठ. सेंट लुइसने त्यावर ३९ गुण चढविले आणि स्वतःवर एकही चढू दिला नाही. या सामन्याच्या नोंदींत आहे, की सेंट लुइसने दहा फेकी केल्या, त्यांपैकी आठ अचूक झेलल्या गेल्या आणि चार फेकींवर टचडाउन झाले. फेकीची सरासरी लांबी वीस यार्ड. आपण वर पाहिलेला धोक्याचा हिशेब येथे आठवावा: फेक फसली तर चेंडू जातो. पण दहांपैकी आठ साधत असतील तर तो धोका राहिला कोठे? अट जाचक होती ती अभ्यास न केलेल्यांस.

या सामन्याचे पंच हॅकेट म्हणून होते. ते वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयाचे जुने खेळाडू आणि पूर्वेकडील खेळ पाहिलेले. सामन्यानंतर त्यांनी जे मत दिले ते फार बोलके आहे. पूर्वेकडे चेंडू उंच भिरकावतात आणि झेलणारा त्याची वाट पाहत उभा राहतो, तोवर बचाव करणारे त्याच्याभोवती गोळा होतात; सेंट लुइसचे गडी मात्र चेंडू जोरात आणि नेमका फेकतात, त्यामुळे झेलणारा धावता धावताच तो घेऊन निसटतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. येल व हार्वर्ड यांच्यापेक्षाही नव्या नियमांचा उपयोग यांनी अधिक चांगला केला, असेही त्यांनी सांगितले. पंचाच्या तोंडून ही साक्ष निघावी याला मोल आहे. त्याला कोणत्याच पक्षाचे गुणगान करण्याची गरज नसते.

मग हे सर्व देशभर तत्काळ पसरले असेल असे आपणास वाटेल. तसे झाले नाही. फुटबॉलवर अधिकारवाणीने लिहिणारे बहुतेक लेखक न्यूयॉर्क, बोस्टनच्या बाजूस राहत आणि शनिवारी आपल्या घराजवळचेच सामने पाहत. ३ ऑक्टोबर १९०६ रोजी वेस्लियनच्या संघाने येलविरुद्ध एक फेक यशस्वी केली. वॉकेशाचा सामना महिनाभर आधी होऊन गेला असता, पूर्वेकडील लेखक पुष्कळ वर्षे वेस्लियनचीच फेक पहिली समजत होते. नोव्हेंबरात येलने हार्वर्डला ६–० असे हरविले त्यातही एका लांब फेकीचा वाटा होता. पण येलने ती प्रसंगापुरती वापरली. तिला खेळाचा पाया करणारे त्या वर्षी सेंट लुइसच. १९०७ साली वॉल्टर कँप यांनीच संपादित केलेल्या वार्षिक पुस्तकात कोकेम्सने फेकीवर सविस्तर लेख लिहिला आणि चेंडू अधिक लांबट, अधिक निमुळता करावा अशी सूचना केली. म्हणजे विद्या झाकून ठेवली होती असेही नाही. छापून वाटली होती! त्याच वर्षी कार्लाइल येथील रेड इंडियन मुलांच्या शाळेच्या संघाने, पॉप वॉर्नर या शिक्षकाच्या हाताखाली, फेकीचा उत्तम उपयोग करून बलाढ्य पेनसिल्व्हेनिया विद्यापीठास २६–६ असे हरविले. एवढे होऊनही सामान्य लोकांची समजूत अशी झाली, की पुढच्या फेकीचा शोध १ नोव्हेंबर १९१३ रोजी लागला. त्या दिवशी नोत्र दाम या तेव्हा फारशा प्रसिद्ध नसलेल्या विद्यापीठाने गस डोराय व नूट रॉक्नी या जोडीच्या फेकींवर वेस्ट पॉइंटच्या संघास ३५–१३ असे धूळ चारली. तो सामना पूर्वेकडे झाला आणि पत्रांच्या वार्ताहरांनी डोळ्यांनी पाहिला. रॉक्नी पुढे मोठा क्रीडाशिक्षक झाला. त्याच्या मनाचा मोठेपणा असा, की हा मान कोकेम्सच्या सेंट लुइस संघाचा आहे हे त्याने स्वतः लिहून ठेविले, आणि पूर्वेस पश्चिमेकडील खेळाची फारशी पर्वा नव्हती असा टोलाही मारला.

आता मुख्य गोष्ट राहिली. ज्या कारणास्तव नियम केला ते साधले काय? त्या हंगामात सेंट लुइसच्या मैदानावर माणसे पांगली हे खरे. पण देशभर बहुतेक संघ जुन्याच रीतीने झुंबड करीत राहिल्यामुळे मरण थांबले नाही. १९०९ साली पुन्हा अनेक मुले दगावली. हार्वर्डशी खेळताना वेस्ट पॉइंटचा एक तरुण त्याच वर्षी जबर जखमी होऊन मेला. दोनच आठवड्यांनी व्हर्जिनिया विद्यापीठातील एका मुलाची तीच गत झाली. मग १९१० साली नियममंडळाने मुळावरच घाव घातला. चेंडूवाल्यास ढकलणे, ओढणे, हातात हात गुंफून भिंत करणे, या सर्वांस मनाई झाली, आणि सुरुवातीस निदान सात गडी रांगेत उभे असलेच पाहिजेत असे ठरले. मध्यापासून पाच यार्ड सरकण्याची अट गेली. मात्र त्याच मंडळाने फेक वीस यार्डांहून लांब असू नये असे नवेच लोढणे तिच्या गळ्यात बांधले. ते १९१२ साली सोडविले. त्या वर्षी खेपा तीनच्या चार झाल्या, टचडाउनचे गुण सहा झाले, टोकाच्या रेषेपलीकडे दहा यार्डांची पट्टी आखून तेथेही झेल घेण्यास परवानगी मिळाली, आणि चेंडूचे पोटही कमी करण्यात आले. १९३४ साली ते आणखी आवळले. आजचा निमुळता चेंडू कोकेम्सने १९०७ साली मागितलेल्या वळणाचा आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बोटे अडकवून जे साधले ते हळूहळू कोणासही साधण्याजोगे झाले.

त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले तेही सांगतो. रॉबिन्सन १९०८ साली डॉक्टर झाला. पुढे योगायोग असा, की मिशिगन राज्यातील ज्या गावी त्याने दवाखाना घातला त्या गावाचे नावही सेंट लुइसच. तेथे तो नगराध्यक्ष झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर डी. डी. टी. हे कीटकनाशक शेतांत सर्रास फवारले जाऊ लागले, आणि त्याच्या गावातील एका कारखान्यात ते तयारही होत असे. त्या वेळी त्याच्या धोक्याविषयी लोकांस सावध करणाऱ्या थोड्या डॉक्टरांत रॉबिन्सन होता. अमेरिकेत शेतीकरिता त्यावर बंदी आली ती १९७२ साली. रॉबिन्सन १९४९ सालीच वारला होता. कोकेम्स त्यानंतर चार वर्षे जगला. सेंट लुइसचे क्रीडाशिक्षकपद त्याने १९०८ च्या हंगामानंतर सोडले होते.

सेंट लुइस विद्यापीठाने १९४९ च्या हंगामानंतर हा खेळ बंद केला. फुटबॉल मात्र तेथे पुढेही खेळला गेला. तो आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो, गोल चेंडूचा, पायांनी खेळावयाचा. १९५९ ते १९७३ या काळात त्यात या विद्यापीठाने दहा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले.